टायटॅनियमचे बोल्ट की स्टीलचे? सायकलवर कुठे काय लावायचं ते नीट समजून घेऊ

टायटॅनियमचे बोल्ट घ्यावेत की आहेत ते स्टीलचेच राहू द्यावेत, हा प्रश्न सायकलवाल्यांच्या गप्पांमध्ये सारखा येतो आणि उत्तरं अगदी दोन टोकांची मिळतात. एक जण सांगतो टायटॅनियम हलकं, मजबूत, गंजत नाही, डोळे झाकून घे. दुसरा सांगतो टायटॅनियम ठिसूळ असतं, स्टेमला, म्हणजे हँडलबार धरून ठेवणाऱ्या भागाला, लावलंस तर एक दिवस तोंडावर पडशील. दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे पण दोघंही फक्त धातूचं नाव घेऊन बोलतायत, आणि बोल्टच्या बाबतीत नुसत्या नावाला फारसा अर्थ नसतो. स्टीलमध्ये लोण्यासारखे मऊ बोल्टही येतात आणि प्रचंड ताकदीचेही येतात, टायटॅनियमचंही तसंच. त्यामुळे खरं विचारायचं ते हे की ग्रेड कुठली, हा बोल्ट सायकलवर कुठे बसणार, आणि तो तुटला तर पुढे काय होणार. एवढं कळलं की निवड फार अवघड राहत नाही.

आधी वजनाचं बघू, कारण बहुतेक जण त्यासाठीच या वाटेला जातात. स्टीलची घनता साधारण ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, आणि बोल्टसाठी वापरतात त्या टायटॅनियमची ४.४३. म्हणजे तोच आकार, तीच लांबी ठेवली तर टायटॅनियमचा बोल्ट साधारण ४४ टक्के हलका. ऐकायला भारी वाटतं. आता एक खरा बोल्ट घ्या, एम५ म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचा, १६ मिलिमीटर लांब, गोल डोक्याचा अॅलन की वाला, जो स्टेमवर सर्रास दिसतो. स्टीलमध्ये त्याचं वजन साधारण ४ ग्रॅम भरतं, टायटॅनियममध्ये सव्वादोन. वाचले पावणेदोन ग्रॅम. सायकलवरचे असे पंचवीस-तीस बोल्ट बदलले तर सगळे मिळून पन्नासेक ग्रॅम वाचतील, आणि पन्नास ग्रॅम म्हणजे बाटलीतलं दोन घोट पाणी. चढावर हा फरक पायाला कळणार नाही. ज्यांना सायकल हलकी करायचाच छंद आहे आणि टायर, चाकं, सीट हे सगळं आधीच हलकं करून झालंय, त्यांच्यासाठी हे पन्नास ग्रॅम ठीक आहेत, छंदाला काही हरकत नाही. पण फक्त वजनासाठी सुरुवात करायची असेल तर बोल्ट ही सुरुवात करायची जागा नाही, टायर आणि ट्यूबमध्ये याच्या कितीतरी पट जास्त वजन वाचतं.

मग टायटॅनियमचा खरा फायदा कशात? माझ्या मते गंज न लागण्यात, आणि याबद्दल लोक फार कमी बोलतात. त्याच्याकडे पुढे येतो, आधी ताकदीचं समजून घेऊ कारण भीती तिथली आहे.

स्टीलच्या बोल्टच्या डोक्यावर बारीक आकडे कोरलेले असतात, ८.८, १०.९ किंवा १२.९. हे आकडे वाचता आले तर अर्धं काम झालं. पहिला आकडा शंभरने गुणा, म्हणजे तो बोल्ट किती ताणावर तुटेल ते मेगापास्कलमध्ये (एक चौरस मिलिमीटरवर किती न्यूटन ओढ) मिळतं. ८.८ चा पहिला ८, म्हणजे ८०० मेगापास्कल. दशांश चिन्हानंतरचा आकडा सांगतो की तुटण्याच्या ताणाच्या किती टक्क्यांवर बोल्ट कायमचा लांबायला लागेल. ८ म्हणजे ८० टक्के, म्हणजे ६४० मेगापास्कलला ८.८ चा बोल्ट ताणला जाऊन परत मूळ लांबीवर यायचा थांबतो. तसंच १०.९ साठी हे ९०० आणि १२.९ साठी १०८०. बोल्टच्या कामात हा दुसरा आकडाच जास्त महत्त्वाचा, कारण एकदा बोल्ट कायमचा लांबला की त्याची पकड गेली, मग तो तुटला नाही तरी कामाचा नाही.

स्टेनलेसवर वेगळं लिहिलेलं असतं, ए२-७० किंवा ए४-८० वगैरे. ए२ म्हणजे नेहमीचं स्टेनलेस, ए४ मध्ये मॉलिब्डेनम असतं त्यामुळे खाऱ्या पाण्यात ते जास्त टिकतं. ७० म्हणजे ७०० मेगापास्कलला तुटणारा, पण कायमचा लांबायला लागतो तो ४५० लाच. हे नीट लक्षात ठेवा, कारण चकचकीत दिसतं म्हणून लोक स्टेनलेस भारी समजतात आणि काळा १२.९ चा बोल्ट काढून तिथे स्टेनलेस लावतात. दिसायला सुधारणा, ताकदीत निम्म्याहून कमी.

आता टायटॅनियम. यात दोन ग्रेड ओळखून ठेवायच्या, ग्रेड २ आणि ग्रेड ५. ग्रेड २ म्हणजे जवळपास शुद्ध टायटॅनियम, ते साधारण २७५ मेगापास्कललाच लांबायला लागतं. ग्रेड ५ मध्ये ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेलं असतं, आणि ते ८२८ मेगापास्कलपर्यंत तग धरतं. म्हणजे एकाच नावाच्या दोन धातूंमध्ये तिपटीचा फरक! ग्रेड ५ स्टीलच्या ८.८ पेक्षा सरस आहे, १०.९ च्या थोडं खाली आहे आणि १२.९ पेक्षा बरंच खाली. त्यामुळे "टायटॅनियम स्टीलपेक्षा मजबूत" हे वाक्य असंच्या असं घेऊ नका. तेवढ्याच वजनात जास्त मजबूत, हे खरं. तेवढ्याच जाडीत जास्त मजबूत, हे कुठल्या स्टीलशी तुलना करताय त्यावर.

नुसते मेगापास्कल वाचून काही डोळ्यासमोर येत नाही, म्हणून एक हिशोब करून बघू, मला तरी हा हिशोब केल्याशिवाय विषय कळल्यासारखा वाटत नाही. एम५ बोल्टचा ताण सोसणारा आडवा छेद असतो १४.२ चौरस मिलिमीटर. स्टेमवर छापलेलं असतं ५ न्यूटन मीटर, हा टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने पिळून आवळायचा त्याचा आकडा. कोरडा बोल्ट एवढा आवळला तर तो आतून साधारण ५००० न्यूटन एवढा ताणला जातो, म्हणजे अर्ध्या टनाचं वजन लटकवल्यासारखा, आणि तोही एकेक बोल्ट. आट्यांना ग्रीस लावलं तर घर्षण कमी होतं, त्यामुळे त्याच ५ न्यूटन मीटरला ताण वाढून साडेसहा हजारांच्या पुढे जातो. आता कोण किती सोसतो बघा. ग्रेड २ टायटॅनियम ३९०० न्यूटनलाच कायमचं लांबायला लागेल, म्हणजे नुसतं आवळतानाच गेलं, रस्त्यावर जायचीही गरज नाही. ए२-७० स्टेनलेस ६४०० च्या आसपास, म्हणजे ग्रीस लावून ५ ला आवळलं तर तेही काठावर. ८.८ स्टील ९१०० च्या जवळ, ग्रेड ५ टायटॅनियम पावणेबारा हजार, १०.९ पावणेतेरा हजार आणि १२.९ पंधरा हजारांच्या वर. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्यक्षात आवळताना बोल्टला पीळही बसतो त्यामुळे थोडं कमीच धरायचं, पण क्रम हाच राहतो आणि क्रम बघून कळतं की घाबरायचं कशाला. चांगल्या ग्रेड ५ ला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते नुसतं "टायटॅनियम" असं लिहिलेल्या, ग्रेड न सांगणाऱ्या रंगीत बोल्टला, आणि स्टेममध्ये घातलेल्या साध्या स्टेनलेसला.

ठिसूळपणाचंही सांगून टाकतो. ग्रेड ५ तुटण्याआधी साधारण १० टक्के लांबतं, १२.९ चं स्टील साधारण ८ टक्के, ८.८ चं १२ टक्के. म्हणजे टायटॅनियम काचेसारखं फुटतं वगैरे काही नाही, कडक स्टीलच्याच रांगेत आहे. सगळ्यात जास्त लांबतं ते स्टेनलेस, मऊ असल्यामुळे. पण टायटॅनियमची एक खोड आहे, ओरखडा किंवा धारदार खाच असली की तिथून हळूहळू तडा जायला सुरुवात होते, रोज थोडे थोडे हादरे बसून. स्टीललाही हे होतं पण टायटॅनियमला जास्त लागतं. म्हणून त्याचे आटे कापून काढण्यापेक्षा दाबून, रोल करून काढलेले असावेत आणि डोक्याच्या खाली जिथे दांडा सुरू होतो तिथे काटकोन न ठेवता छोटी गोलाई दिलेली असावी. चांगले बनवणारे हे आवर्जून सांगतात की आमचे आटे रोल केलेले आहेत. ज्यांच्या माहितीत फक्त रंगांची यादी आहे आणि आट्यांबद्दल, ग्रेडबद्दल एक शब्द नाही, त्यांच्याकडून बॉटल केजचे (फ्रेमवर पाण्याची बाटली अडकवायच्या पिंजऱ्याचे) बोल्ट घेतले तर चालेल, ब्रेकचे घेऊ नका.

आता थोडं बोल्ट काम कसा करतो ते, कारण यात टायटॅनियमचा एक गुण लपलेला आहे. बोल्ट म्हणजे खरं तर एक अतिशय कडक स्प्रिंग. आवळताना आपण त्याला ताणतो, तो परत आखडायचा प्रयत्न करतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. हँडलबार स्टेममध्ये फिरत नाही तो त्या दाबामुळे आणि घर्षणामुळे. हा दाब पुरेसा असेल तर रस्त्यावरचे हादरे बहुतांश त्या दाबलेल्या भागांमध्ये जिरतात, बोल्टपर्यंत फार थोडे पोचतात. दाब कमी असेल तर प्रत्येक खड्ड्याला बोल्ट स्वतः ताणला जातो, सैल होतो, परत ताणला जातो, आणि मग एके दिवशी तुटतो. त्यामुळे सायकलचे बोल्ट तुटतात तेव्हा बऱ्याच वेळा कारण धातूची ताकद हे नसतं, ते नीट आवळलेले नसतात किंवा आवळून आवळून आधीच लांबलेले असतात.

टायटॅनियम स्टीलच्या साधारण निम्मंच ताठ असतं, स्टील २०५ गिगापास्कल तर ग्रेड ५ टायटॅनियम ११४. म्हणजे तेवढ्याच ओढीसाठी टायटॅनियम जास्त लांबतं. ५००० न्यूटनला एम५ बोल्टचा १० मिलिमीटरचा तुकडा स्टीलमध्ये ०.०१७ मिलिमीटर लांबेल आणि टायटॅनियममध्ये ०.०३१. इतक्या बारीक फरकाने काय होतंय असं वाटेल, पण समजा रंगाचा थर दबून किंवा पृष्ठभाग बसून जोड ०.००५ मिलिमीटरने सैल झाला. स्टीलच्या बोल्टची जवळजवळ तीस टक्के पकड गेली, टायटॅनियमची सोळा टक्के. गणित सोपं करून सांगितलंय पण दिशा बरोबर आहे, टायटॅनियमचा बोल्ट जोड बसल्यावरही पकड जरा जास्त धरून ठेवतो. हादऱ्यातलाही कमी भाग अंगावर घेतो. विमानांत टायटॅनियमचे बोल्ट आणि रिव्हेट वापरतात ते मुख्यतः वजनासाठी आणि गंजासाठी, पण हा गुणही सोबत मिळतोच.

आता गंज. माझ्या दृष्टीने टायटॅनियम घ्यायचं असेल तर ते यासाठी. घाम, खारी हवा, पावसाळी रस्त्यावरचं पाणी, यातलं काहीही टायटॅनियमला खात नाही, कारण हवेत आल्याबरोबर त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ आणि घट्ट थर बसतो आणि खरवडला तरी लगेच परत तयार होतो. स्टीलचे काळे बोल्ट, १२.९ वाले, ते काळं म्हणजे बहुतेक वेळा नुसता ऑक्साइडचा थर आणि तेल, गंजाविरुद्ध त्याचा फारसा उपयोग नाही. आणि १२.९ ला झिंकचा मुलामा द्यायचा म्हटलं तर त्या प्रक्रियेत स्टीलमध्ये हायड्रोजन शिरून ते आतून ठिसूळ होण्याचा धोका असतो, कडक स्टीलला हा त्रास जास्त, म्हणून ते सहसा काळेच ठेवतात. घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल चालवणाऱ्यांनी हे विशेष वाचा. बाहेर वारा घाम उडवून नेतो, घरात तो थेट हेडसेटवर (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगवर) आणि स्टेमच्या बोल्टवर टपकतो, रोज, तासन्‌तास, आणि मीठ तिथेच साठतं. वरून दिसतं थोडं तांबूस, आत आट्यांमध्ये काय झालंय ते दिसत नाही. अशा सायकलवर स्टेमचा बोल्ट गंजून कमकुवत होणं ही खरी शक्यता आहे, आणि इथे चांगला ग्रेड ५ टायटॅनियम हा जास्त सुरक्षित पर्याय ठरतो. लोक नेमकं उलटं समजतात.

पण टायटॅनियम स्वतः गंजत नाही म्हणून शेजाऱ्यालाही काही होत नाही असं नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असतील आणि मधे खारं पाणी किंवा घाम असेल तर त्यातला जास्त सहज गंजणारा धातू खाल्ला जातो, बारीकशी बॅटरीच तयार होते म्हणा ना. या क्रमात मॅग्नेशियम सगळ्यात खाली, मग अॅल्युमिनियम, मग स्टील, वर स्टेनलेस, टायटॅनियम आणि कार्बन. म्हणजे अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये टायटॅनियमचा बोल्ट घातला तर बोल्ट शाबूत राहील आणि भोकाचे आटे हळूहळू पांढरे पडून खाल्ले जातील, आणि त्या पांढऱ्या पुडीनेच बोल्ट आत जाम होईल. बोल्ट लहान आणि फ्रेम मोठी असते म्हणून हे झपाट्याने होत नाही, पण होतं. सस्पेन्शन फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या, हादरे शोषणाऱ्या चिमट्याचा) खालचा भाग बऱ्याचदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो आणि ब्रेकचे बोल्ट थेट त्यात जातात, तिथे तर जास्तच काळजी घ्यायला हवी. कार्बनच्या बाबतीत मात्र टायटॅनियम चांगला शेजारी आहे, कार्बन आणि टायटॅनियम एकमेकांना काही करत नाहीत, उलट कार्बनला चिकटलेलं अॅल्युमिनियम खराब होतं.

यावर उपाय एकच, ग्रीस किंवा अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी पेस्ट. टायटॅनियमचा बोल्ट कोरडा कधीही लावू नका, कधीही. त्याचं गंजाशिवाय अजून एक कारण आहे. आवळताना आटे एकमेकांवर घासले जातात, वरचा ऑक्साइडचा थर निघतो आणि उघडे धातू दाबाखाली एकमेकांना चिकटतात, अक्षरशः जोडले जातात. टायटॅनियमला आणि स्टेनलेसला ही सवय फार आहे, टायटॅनियमवर टायटॅनियम असेल तर सगळ्यात वाईट, म्हणजे टायटॅनियमच्या फ्रेममध्ये टायटॅनियमचा बोल्ट. एकदा असा चिकटला की तो ना पुढे जात ना मागे येत, आणि ड्रिल करून काढायचा तर ग्रेड ५ उष्णता पसरू देत नाही म्हणून ड्रिलचं टोकच तापून बोथट होतं. म्हणून अँटी-सीझ लावून, आधी हाताने फिरवत न्यायचा, कुठे अडखळला तर जोर न लावता मागे घेऊन आटे पुसून परत. पॉवर टूल तर लांबच ठेवा.

थ्रेडलॉकरबद्दल पण सांगायला हवं, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं चिकट द्रव, निळं वालं, रोटरच्या (डिस्क ब्रेकच्या चकतीच्या) बोल्टना लावतात ते. ते हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं, पण टायटॅनियम आणि स्टेनलेस हे त्याच्या दृष्टीने मंद धातू, त्यावर ते सावकाश सुकतं. समोरचं भोक अॅल्युमिनियमचं असलं तरी घाई नको, लावल्यावर दिवसभर सायकल बाजूला ठेवा. थ्रेडलॉकर लावलं की ग्रीस लावायचं नाही, दोन्हीतलं एकच, ओलं थ्रेडलॉकरच आवळताना वंगणाचं काम करतं.

मग कुठे काय? मी स्वतः सायकलकडे बघतो ते असं.

बॉटल केजचे बोल्ट आणि हेडसेटच्या टोपीवरचा बोल्ट, इथे बिनधास्त टायटॅनियम. ताण जवळपास नाही, तुटला तर कोणी पडणार नाही, आणि घाम-पाणी सगळ्यात जास्त इथेच गळतं. टोपीवरचा बोल्ट एम६ आणि लांब असल्यामुळे वजनही जास्त वाचतं, ३० मिलिमीटरचा असेल तर साडेतीन-पावणेचार ग्रॅम एकाच बोल्टमागे. फक्त एक लक्षात घ्या, तो बोल्ट हेडसेटमधला खेळ काढण्यापुरताच असतो, स्टेम धरून ठेवायचं काम त्याचं नाही, म्हणून तो जोरात आवळायचाच नसतो. या जागांवर अॅल्युमिनियमचेही बोल्ट येतात, अजून हलके, चालतात. पण अॅल्युमिनियमचा बोल्ट इथे आणि चेनरिंगवर (पुढच्या दातेरी चकतीवर) सोडून कुठेही लावू नका.

स्टेम, म्हणजे हँडलबार धरणारे चार आणि फोर्कच्या नळीवरचे दोन. इथे तुटलं तर थेट तोंडावर. कंपनीने दिलेले स्टीलचे बोल्ट चांगल्या अवस्थेत असतील तर मी ते काढत नाही, दर मोसमात एकेक बाहेर काढून पुसून ग्रीस लावून परत बसवतो. घाम जास्त येत असेल, ट्रेनर असेल, खाऱ्या हवेत राहत असाल तर ग्रेड ५, रोल केलेले आटे, ओळखीचा भरवशाचा बनवणारा, आणि लांबी अगदी तीच. लांबीचं गंभीरपणे घ्या. अॅल्युमिनियमच्या भोकात बोल्ट त्याच्या जाडीच्या किमान दीडपट आत जायला हवा, एम५ असेल तर साडेसात मिलिमीटर. वजन वाचवायला छोटा बोल्ट घातला तर बोल्ट टिकेल आणि स्टेमचे आटे उखडून येतील. आणि टॉर्क स्टेमवर लिहिलेलाच, बोल्ट मजबूत आणला म्हणून जास्त आवळायचा नाही, कारण ती मर्यादा बऱ्याचदा कार्बनच्या हँडलबारसाठी किंवा स्टेमच्या आट्यांसाठी ठरवलेली असते, बोल्टसाठी नाही.

सीटपोस्टच्या डोक्यावरचे, सीट धरणारे बोल्ट मी स्टीलचेच ठेवतो. तिथे पूर्ण अंगाचं वजन येतं, पुढे-मागे सरकत येतं, आणि सीट तिरकी बसवलेली असते त्यामुळे बोल्टला नुसता ताण नाही तर वाकही बसतो. टायटॅनियमच्या त्या खाचेच्या खोडीला नेमकी हीच परिस्थिती मानवत नाही. दोन-चार ग्रॅमसाठी तिथे जोखीम घ्यावी असं मला वाटत नाही.

क्रँकचं, म्हणजे पॅडल ज्याला लागतं त्या दांड्याचं, जरा सविस्तर. शिमानोच्या हॉलोटेक २ क्रँकमध्ये डाव्या बाजूच्या दांड्याला दोन एम६ बोल्ट असतात आणि ते १२ ते १४ न्यूटन मीटरला आवळायचे असतात. १३ धरले तर प्रत्येक बोल्टवर कोरड्यात जवळपास ११ हजार न्यूटन. एम६ चा ए२-७० स्टेनलेस ९ हजारांनाच लांबायला लागतो. म्हणजे पेटीत सापडलेला कुठलाही चकचकीत एम६ इथे घालायचा नाही, इथे १०.९ किंवा त्यावरचं स्टील, किंवा खात्रीचं ग्रेड ५. जुन्या चौकोनी अॅक्सलच्या क्रँकवर एम८ बोल्टने क्रँक अॅक्सलवर दाबून बसवतात, ३५ ते ५० न्यूटन मीटरने. तिथे टायटॅनियम लावायचं असेल तर जुनी आणि चांगली पद्धत अशी की आधी स्टीलच्या बोल्टने क्रँक पूर्ण दाबून बसवायचा, मग तो काढून टायटॅनियमचा लावायचा. दाबायचं अवघड काम स्टील करतं, धरून ठेवायचं काम टायटॅनियम. पॅडलचे टायटॅनियम अॅक्सल येतात त्यांना बऱ्याचदा चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा दिलेली असते, ती पाळा.

ब्रेकच्या कॅलिपरचे (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचे) बोल्ट चाकाच्या चिखल-पाण्यात असतात म्हणून तिथे टायटॅनियमचा मोह बरोबर आहे, आणि ग्रेड ५ असेल तर मला काही अडचण वाटत नाही, पण स्टेमला लावलेले सगळे नियम इथेही. रोटरचे बारा बोल्ट मात्र इतके छोटे असतात की सगळे बदलूनही दहाएक ग्रॅम वाचणार, मी ते स्टीलचेच ठेवतो. डोकं उथळ असतं, तारेच्या आकाराची खाच असते, आणि काढताना ती खाच घसरली की मोठा उपद्व्याप.

खाचेवरून आठवलं, रोजच्या वापरात खरा फरक इथे जाणवतो. स्टेनलेस मऊ, अॅलन कीची भोकं दोन-चार वेळा उघडझाप केली की गोल व्हायला लागतात. ग्रेड ५ ची कडकपणाची पातळी रॉकवेल सी मोजपट्टीवर ३६ च्या आसपास, १२.९ स्टीलची ३९ ते ४४, ८.८ ची २२ ते ३२. त्यामुळे पाना घसरण्याच्या बाबतीत टायटॅनियम चांगलंच तगडं आहे. अर्थात झिजलेली अॅलन की वापरली तर कुठलाच धातू वाचवणार नाही.

खरं-खोटं कसं ओळखायचं हे सगळे विचारतात. चुंबक लावून फक्त एवढं कळतं की हे साधं स्टील नाही, कारण टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही पण ए२ स्टेनलेसलाही जवळपास चिकटत नाही आणि अॅल्युमिनियमलाही नाही. अचूक वजनकाट्यावर तोच आकार स्टीलच्या ५६ टक्क्यांच्या आसपास आला तर ते टायटॅनियम आहे. पण ग्रेड २ की ग्रेड ५ हे वजनावरून घरी कळत नाही, ४.५१ आणि ४.४३ मधला फरक एका बोल्टवर पकडणं अशक्य. म्हणून शेवटी बनवणारा कोण यावरच विसंबायला लागतं. रंगावर तर अजिबात जाऊ नका. सोनेरी, निळा, जांभळा हे रंग काही वेगळं मिश्रण नसतं, बोल्ट द्रावणात ठेवून वीज सोडतात, जेवढा व्होल्टेज तेवढा ऑक्साइडचा थर जाड आणि त्यावरून परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो. दिसतं सुंदर, मलाही आवडतं, पण त्यातून ग्रेड कळत नाही आणि पाना लागेल तिथला रंग निघून जातोच.

आवळण्यासाठी टॉर्क पाना घ्या. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला जवळपास निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि फक्त दहाएक टक्के प्रत्यक्ष ताणण्यात. त्यामुळे कोरडं की ग्रीस लावलेलं, डोक्याखाली वॉशर आहे की नाही, एवढ्याशा फरकाने आतला ताण कितीतरी बदलतो, आणि हाताच्या अंदाजाला ते कळत नाही. सुट्ट्या भागासोबतच्या माहितीत ग्रीस लावून टॉर्क दिलाय की कोरडा ते बघा. काहीच लिहिलेलं नसेल तर ग्रीस लावून दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला सुरू करा, ४ ते ६ असेल तर ४ ला. हँडलबार पुढून जोर देऊन दाबून बघा, फिरला नाही तर तिथेच थांबा. स्टेमचे चार बोल्ट एकेक पूर्ण न आवळता तिरके, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा आणि वरची-खालची फट सारखी ठेवा. नवीन बोल्ट लावल्यावर पहिल्या एक-दोन राइडनंतर परत टॉर्क पाना लावून बघा, जोड बसल्यामुळे थोडे सैल झालेले सापडतात. आणि कुठलाही बोल्ट, स्टीलचा असो की टायटॅनियमचा, आवळताना अचानक मऊ लागला, फिरतोय पण घट्ट होत नाही असं वाटलं, तर तिथेच थांबून तो बाहेर काढा. आटे भोकाचे गेले असतील किंवा बोल्ट लांबला असेल, लांबला असेल तर नव्या बोल्टशेजारी धरल्यावर आट्यांमधलं अंतर वेगळं दिसतं, आणि असा बोल्ट परत लावायचा नाही.